आमची वाटचाल : नमुना आधी, ट्रॉली नंतर

पलूस तालुक्यात आमचा गांडूळखताचा धंदा आहे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : "एवढं शेण कुठनं आणता?" शेण लागतं, पण विरजणापुरतं. आमचा खरा कच्चा माल कारखान्यांच्या मागच्या दारानं येतो. साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, डेअरीच्या सांडपाणी प्रकल्पातला गाळ, वाइनरीतून निघणारा द्राक्षाचा चोथा. ज्याचं काय करायचं हा कारखानदाराचा प्रश्न असतो, ते आम्ही शेतकऱ्याला विकण्याजोगं करून देतो. आणि खरं सांगायचं तर यातलं गांडुळाचं काम सर्वांत सोपं.

सुरुवात प्रेसमडवरच झाली, कारण तो ओळखीचा होता. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला होतो. शंभर टन ऊस गाळला की तीन-चार टन प्रेसमड निघतो. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात हंगामअखेर तीस-चाळीस हजार टन साठतो. त्या काळी ट्रॉली लावा आणि न्या, असा मामला होता. आसपासचे शेतकरी न्यायचे आणि कच्चाच रानात टाकायचे. चुलतभावाची नदीकाठची थोडी जमीन होती, तिथं शेड उभी केली आणि आम्ही दोघं भागीदार झालो.

ताजा प्रेसमड म्हणजे जवळपास सत्तर टक्के पाणी, वर उसाचं मेण. ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघा, क्षणभर ठेववत नाही. आतलं तापमान साठ अंशांच्या पुढं जातं आणि गांडूळ पस्तिशीच्या वर तग धरत नाही. म्हणून आधी तीन-चार आठवडे नुसती पलटी. ढीग मोडायचा, पाणी मारायचं, शेणाची स्लरी शिंपडायची, परत रचायचा. ताप उतरला, उग्र वास गेला की माल बेडवर, म्हणजे गांडुळांच्या वाफ्यावर घ्यायचा. डेअरीचा गाळ वेगळा. तो चिकट, हवा आत जाऊ देत नाही आणि अमोनिया सोडतो. त्यात पाचटाची कुट्टी भरपूर मिसळावी लागते. द्राक्षाचा चोथा आंबट, शिवाय त्यातली बी शेवटपर्यंत तशीच राहते आणि चाळणीवर येऊन बसते.

माल तयार झाला की नाही हे आमच्याकडं थर्मामीटर आणि पीएच मीटर सांगतात, पण निकाल शेडवर काम करणाऱ्या मावशी देतात. घमेल्यात त्या बॅचचा माल घ्यायचा, वर मूठभर गांडुळं सोडायची, ओलं बारदान टाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी बारदान उचललं आणि वर काहीच दिसलं नाही तर पास. गांडुळं काठावर गोळा झालेली, एकमेकांत गुंतलेली दिसली की मावशी तिथूनच ओरडतात, "दादा, खाली जाईनात ओ!" मग ती बॅच परत पलटीला. कुठलाही साहेब आला तरी हा निकाल फिरत नाही.

पुढचं मात्र गांडूळ करतं. आम्ही आयसेनिया फेटिडा ही जात वापरतो. दीड-दोन फुटांचा थर, साठ-सत्तर टक्के ओल, वर सावली. दीड-दोन महिन्यांत खत होतं. काढणीच्या आधी पाणी बंद करायचं, उजेडात ढीग लावायचा. उजेड नको म्हणून गांडुळं तळाशी जातात आणि वरचं खत हातानं ओढून चाळणीवर टाकता येतं. मुंग्या, उंदीर, बेडूक यांचा बंदोबस्त बारमाही.

शेतकरी हटकून विचारतात, थोडी गांडुळं द्या की रानात सोडायला. आम्ही नाही म्हणतो. ही जात कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात राहणारी, जमिनीत खोल बीळ करणारी नव्हे. उघड्या रानात उन्हाळ्यात ती मरणार. रानातली आपली देशी गांडुळं वेगळी. पाचट पेटवणं थांबवलं की ती आपसूक वाढतात, त्यासाठी मला पैसे कशाला द्यायचे?

नाही म्हणण्याचा दुसरा प्रसंग जास्त अवघड असतो, कारण समोर पैसा दिसत असतो. कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतून फोन येतात. एका प्लेटिंगवाल्यानं, म्हणजे धातूवर मुलामा चढवणाऱ्यानं, गाळ उचलण्याचे टनावर पैसे देऊ केले होते. वर म्हणाला, "गांडूळ काय, सगळं खातंय." खातं हो, पण क्रोमियम, निकेल, कॅडमियम पचवून नाहीसं करत नाही. धातू खतात राहतो, नाहीतर गांडुळाच्या अंगात साठतो. कॅडमियम तर विशेष. खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळखतात किलोमागं कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५० आणि शिसं १०० मिलिग्रॅमच्या आतच हवं. अशा गाळाची जागा घातक कचऱ्याच्या प्रकल्पात, द्राक्षबागेत नव्हे. शेण मिसळून प्रमाण खाली आणता येतं, असं सुचवणारेही भेटतात. त्यांना चहा पाजून वाटेला लावतो.

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमची शेड गेली, बेड गेले. उंचावर एका पाहुण्यांच्या गोठ्यात थोडं कल्चर, म्हणजे वाढीसाठी राखलेली गांडुळं, ठेवलेलं होतं, त्यावर पुन्हा वाढवलं. माळावर जागा घेतली. तिथं पाण्याचा खर्च जास्त, पण २०२१च्या पुरात नदीकाठची जुनी जागा पुन्हा बुडाली तेव्हा आमची चाळण चालू होती.

विक्री म्हणाल तर निम्मी द्राक्षवाल्यांकडं. खरड छाटणी आणि ऑक्टोबर छाटणीच्या आधी फोन सुरू होतात. तासगावकडचा बागायतदार नत्र विचारत नाही, आधी क्षार विचारतो. बरोबरच आहे त्याचं. क्षारपड जमिनीनं इथं कितीतरी रानं खाल्लीत. म्हणून प्रत्येक बॅचचा तपासणी अहवाल पोत्यांबरोबर जातो. कल्चर विकून "खत आम्हीच परत घेऊ" असा बायबॅकचा धंदा आम्ही कधी केला नाही. त्या नादात हात पोळलेले लोक आजही आमच्याकडं संशयानं बघतात, त्यांचं चुकत नाही.

आता प्रेसमड फुकट राहिलेला नाही. २०१८मध्ये केंद्राची 'सतत' योजना आली, प्रेसमडपासून बायोगॅस करणारे प्रकल्प उभे राहू लागले आणि ज्या ढिगाकडं कोणी बघत नव्हतं त्याचा भाव ठरू लागला. माझी तक्रार नाही. गॅस निघून गेल्यावर जो चोथा उरतो, तो आधीच अर्धा कुजलेला असतो, मेणाचा त्रास कमी असतो. अमोनिया उतरेपर्यंत थांबावं लागतं, एवढंच. सध्या शेडमधल्या एका बाजूच्या बेडवर तोच चालू आहे आणि घमेल्यात गांडुळं खाली जातायत.

कुणाच्या कारखान्यात असा माल पडून असेल तर आधी दोन-तीन किलोचा नमुना पाठवा, सोबत कुठल्या प्रक्रियेतून निघतो ते लिहून. ट्रॉली भरून थेट आणू नका. गेटवरून परत पाठवताना डिझेलचे पैसे आम्ही देत नाही.