माद्रिद ते लिस्बन : पंधरा मिनिटांचा भासणारा प्रवास

माद्रिदहून लिस्बनला जाण्यासाठी तिकीट काढले, तेव्हा निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळांत जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचे अंतर पाहून मला ती छपाईची चूक वाटली. प्रत्यक्षात या उड्डाणाला साधारण सव्वा तास लागतो. मात्र पोर्तुगालचे घड्याळ स्पेनच्या एक तास मागे असल्यामुळे तो तास कागदावरून नाहीसा होतो आणि परतीच्या प्रवासात सव्याज वसूल होतो. खरे तर माद्रिदही ग्रिनिचच्या पश्चिमेलाच वसलेले आहे, परंतु १९४० साली स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने घड्याळे एक तास पुढे केली आणि ती पुन्हा कधी मागे आलीच नाहीत.

दोन्ही शहरांमधील हवाई अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे, तर रस्त्याने ते सव्वासहाशेच्या आसपास भरते. लिस्बनचा विमानतळ शहरातच असून २०१२ पासून तेथे मेट्रोही पोहोचली आहे. माद्रिदला मात्र बाराखास विमानतळाच्या चौथ्या टर्मिनलवरील पायपीट हिशेबात धरावी लागते. त्यामुळे घरापासून हॉटेलपर्यंत माझे साडेचार तास गेले.

आश्चर्य वाटते ते रेल्वेचे. दोन शेजारी देशांच्या या राजधान्यांना जोडणारी रात्रीची 'लुसितानिया' गाडी २०२० मध्ये थांबली, आणि माझ्या प्रवासाच्या वेळी थेट गाडी नसल्यामुळे सीमेजवळच्या बादाखोसला उतरून गाडी बदलण्याची चिकाटी माझ्यात नव्हती.