फुंकणीचा श्वास

पावसाळ्यातली रात्र. पावणेतीनच्या सुमारास बाळ बाहेर आलं आणि रडलंच नाही.

सतरा वर्षं मी लेबर रूमला ड्युटी करते आहे, न रडणारं बाळ मला नवीन नाही. पण त्या रात्री आमच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर एकच होते आणि ते खाली कॅज्युअल्टीत अपघाताच्या पेशंटपाशी अडकलेले. माझ्या सोबतीला फक्त मावशी. बाळ हातात घेतलं तर ओल्या फडक्यासारखं लोंबलं. अंग निळसर. पुसलं, पाठ चोळली, तळपायाला टिचक्या मारल्या. काही नाही. नाळ कापून वॉर्मरवर घेतलं, मावशींना म्हटलं, "डॉक्टरांना बोलवा, पळा!" आणि अँबू बॅग उचलली, म्हणजे बाळाच्या तोंडा-नाकावर मास्क लावून हाताने दाबत श्वास द्यायची पिशवी.

अशा बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत श्वास द्यायला सुरुवात झाली पाहिजे. मिनिटाला ४० ते ६० श्वास. ट्रेनिंगमध्ये बाहुलीवर शिकवतात, तोंडाने मोजत राहायचं: दाब-दोन-तीन, दाब-दोन-तीन. 'दाब' म्हणताना पिशवी दाबायची, 'दोन-तीन' म्हणेपर्यंत सोडायची. सोडायची जागा महत्त्वाची, कारण तेवढ्या वेळात बाळाच्या छातीतली हवा बाहेर येते.

दाराबाहेरून सासूबाई ओरडत होत्या, "बाई, पोर रडंना का? अवं बाई!" टेबलावरून ती पोरगी, एकवीस वर्षांची, पहिलटकरीण, सारखी विचारत होती, माझं बाळ कुठंय. मी पिशवी दाबत होते आणि बाळाची छाती हलत नव्हती. तेव्हा लक्षात आलं की माझ्या तोंडून आकडे येतच नाहीयेत. नुसतं दाब-दाब-दाब चाललं होतं. माझा स्वतःचा श्वास गळ्याशी येऊन अडकला होता आणि हात त्याच्याच वेगाने पळत होते.

माझ्या तोंडावरच्या मास्कच्या आत मी ओठांचा चंबू केला आणि एक लांब श्वास सोडला. सगळा, पोट आत जाईपर्यंत.

हे मला आजीने शिकवलं, चुलीपुढे. लहानपणी मी फुंकणीत जीव खाऊन फुंकायचे, राख डोळ्यांत उडायची आणि विस्तव तसाच. आजी म्हणायची, "हळू गं, लांब सोड. जाळाला घाई चालत नाही." पुढे नर्सिंगला गेल्यावर कळलं की श्वास घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि सोडताना मंदावतात. व्हेगस नावाचा मज्जातंतू हे काम करतो. म्हणून सोडणं लांबवलं की छातीतली धडधड उतरते. आम्हाला एका शिबिरात चार आकडे घ्या, चार धरा, चार सोडा, चार थांबा असंही शिकवलं होतं. ते घरी बसून चांगलं आहे. अनुलोम-विलोमही मी रोज पहाटे करते. पण नाकपुडी धरायला एक हात मोकळा लागतो आणि ड्युटीवर माझ्या दोन्ही हातांत हातमोजे असतात, रक्ताने भरलेले. तिथे फक्त फुंकणी चालते.

तो एक श्वास सुटला आणि मला दिसलं. बाळाचा मास्क हनुवटीवरून सरकलेला होता, त्याची मान पुढे दुमडली होती. हवा आत जाणारच नव्हती. मान किंचित मागे केली, मास्क नीट बसवला. दाब-दोन-तीन. भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी छाती वर आली. दाब-दोन-तीन. अर्ध्या मिनिटाने नाळेच्या बुडाशी बोटं ठेवली, सहा सेकंदांत अकरा ठोके. म्हणजे मिनिटाला ११०. डॉक्टर धावत आले तेव्हा बाळाने स्वतःचा पहिला श्वास ओढला होता. थोड्या वेळाने कुरकुरलं. त्याला रडणं म्हणता येणार नाही, पण मला तेवढं पुरलं.

बाळ डॉक्टरांकडे देऊन वळले तर आई भात्यासारखी धापा टाकत होती. "सिस्टर, हाताला मुंग्या आल्यात, बोटं वाकडी व्हायलीत." खरंच आखडली होती. अशा भरभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार कमी होतो, त्यानेच हे होतं. शांत हो म्हणून तिला काय कळणार होतं? मी तिचा हात धरला. "चूल पेटवलीस ना कधी? फुंकणी घे. माझ्याकडं बघ. हळू, लांब सोड." पहिले दोन-तीन श्वास तुटले. मग आम्ही दोघी बरोबर सोडायला लागलो. पाचेक मिनिटांत तिची बोटं माझ्या हातात हळूहळू उलगडली.

पहाटे १०८ आली. बाळाला जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूला, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात हलवलं, सोबत सासूबाई गेल्या. जाताना काही बोलल्या नाहीत, माझ्या दंडाला नुसता हात लावला.

मग मी केसपेपर भरायला बसले. जन्म २ वाजून ४७ मिनिटं, एवढं लिहिलं आणि पेन हलायला लागलं. तेव्हा मात्र मी श्वास मोजला नाही, काहीच केलं नाही. हात थरथरू दिले.