साडेतीन फूट पाणी आणि काठाला धरलेला हात : मोठ्या वयातलं पोहणं, आतापर्यंतची प्रगती

शिकणाऱ्या ताई 48 वर्षांच्या. पुण्यातला एक सार्वजनिक तलाव, महिलांची बॅच, उथळ बाजूला साडेतीन फूट पाणी. लहानपणी विहिरीत कुणीतरी ढकललेलं, त्यानंतर पाण्याशी संबंध बादलीपुरता. ठरवलेलं काम एवढंच की काठ सोडून तलावाची रुंदी न घाबरता पार करायची. स्ट्रोक देखणा दिसला पाहिजे ही अट नाही.

उभं राहणं

घाबरणाऱ्या मोठ्या माणसाला थेट हातपाय मारायला लावलं की गाडी तिथेच रुतते. आडवं झाल्यावर परत उभं कसं राहायचं, हे त्याला माहीत नसतं आणि खरी धास्ती तीच असते. म्हणून सुरुवात तिथून. पालथं असताना लोक आधी डोकं वर काढतात आणि पाय सरळ खाली सोडू बघतात. त्याने पाठीची कमान होते, पाय मागेच राहतात आणि नाकातोंडात पाणी जातं. क्रम उलटा हवा : गुडघे पोटाशी घ्यायचे, पुढे पसरलेले तळहात पाण्यावर खाली दाबत मांड्यांकडे आणायचे, पावलं फरशीला टेकली की मगच डोकं वर. उताणं असताना हनुवटी छातीला लावायची, खुर्चीत बसल्यासारखी कंबर खाली सोडायची आणि गुडघे जवळ घ्यायचे. काठाला एक हात धरूनच हे घोटून घेतलं. कंटाळा येईपर्यंत घोटायचं, कारण कंटाळा आला म्हणजे भीती गेली.

श्वास

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि जावाच. घाबरलेला माणूस छाती भरून हवा घेतो आणि धरून ठेवतो. जीव कासावीस होतो तो प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. मग तोंड वर काढल्याच्या त्या अर्ध्या क्षणात श्वास सोडायचाही असतो आणि घ्यायचाही. दोन्ही होत नाही, घशात पाणी जातं, ठसका लागतो.

उपाय जुनाच आहे : तोंड पाण्यात असेपर्यंत नाकातून ‘म्म्म्’ असं गुणगुणत राहायचं. आवाज चालू असेल तोवर नाकात पाणी शिरत नाही. तोंडाने साधारण एक सेकंद श्वास घ्यायचा, पाण्यात तीन-चार सेकंद सोडायचा, आणि असे सलग 10.

अडलं कुठे, तर चेहरा पुसण्यात. दर वेळी वर आल्यावर दोन्ही हात तोंडावर जायचे, डोळे चोळले जायचे आणि लय तुटायची. दोन्ही हात काठावर ठेवायला सांगितले. पाणी डोळ्यांवरून आपोआप ओघळू द्यायचं, पापण्या दोनदा मिटायच्या, पुढचा श्वास. चेहरा न पुसता 10 झाले की पुढच्या पायरीला हात घालावा, त्याआधी नाही. गॉगल जरूर द्यावा. पट्टा आवळून मात्र गळती थांबत नाही. रबर डोळ्याच्या खोबणीत नीट बसलंय ना आणि टोपीची कड किंवा केस मधे येत नाहीत ना, ते बघावं.

तरंगणं

आधार देताना आपण त्यांना धरायचं नाही, त्यांनी आपल्याला धरायचं. आपले हात पुढे, तळवे वर. त्यांचे हात त्यावर. सोडायचं कधी हे त्या ठरवणार. ‘सोडत नाही’ म्हणून मधेच हात काढून घेणारे शिकवणारे प्रत्येक तलावावर भेटतात. त्या एका गमतीने बरीच मेहनत वाया जाते. शिकवणाऱ्याने नेहमी खोल बाजूला उभं राहावं, शिकणारा उथळ बाजूला. जीवरक्षक हजर नसेल तर पाण्यात उतरू नये.

प्रगती मोजायला पकड बघतो. आधी अख्खी मूठ, नखं पांढरी पडलेली. मग चार बोटं, मग दोन बोटांची टोकं. आता पालथं तरंगताना साधारण 10 सेकंद हात मोकळे राहतात.

उताणं झाल्यावर कान पाण्यात जातात, बाहेरचे आवाज दबतात आणि स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येतो. हे आधी सांगून ठेवलं नाही तर माणूस दचकून उठून बसतो. पाय बुडत असतील तर तो दोष समजू नये. फुप्फुसांतल्या हवेमुळे छाती वर उचलली जाते, वजनाचा मध्य मात्र कमरेजवळ असतो. काटक बांध्याच्या माणसात हे जास्तच जाणवतं. हात डोक्याच्या मागे लांब केले की तोल वर सरकतो आणि पाय थोडे वर येतात.

दंडाला लावायचे हवेचे फुगे टाळले. ते शरीर उभं ठेवतात आणि आपल्याला ते आडवं हवंय. पाठीला डबा बांधण्याची विहिरीवरची पद्धत त्या बाबतीत बरी, पण टेकायला तळ नसताना घाबरलेल्या माणसावर ती लादण्यात अर्थ नाही.

पाय, आणि मान वर काढण्याची खोड

भिंतीला पाय लावून रेटा द्यायचा आणि हात पुढे ठेवून घसरत जायचं. दोन-तीन मीटर सहज जमतात. त्यावर पाय जोडले. लाथ कमरेतून मारायची, गुडघा किंचित सैल, घोटा ढिला. सायकल चालवल्यासारखे गुडघे वाकले की फक्त फेस उडतो. घोटे ताठ असतील तर पाय मारूनही माणूस जागच्या जागी राहतो. घरी टाचांवर बसून पावलं मागे ताणल्याचा उपयोग होतो. किकबोर्डवर (हातात धरायची तरंगती फोमची पाटी) कोपरं टेकवून भार टाकला की छाती वर आणि कंबर खाली जाते, म्हणून तो हात लांब करून नुसता धरायचा.

सध्या अडचण एकच आहे : श्वास घेताना डोकं पुढे उचललं जातं. साडेचार-पाच किलोचं डोकं पाण्याबाहेर आलं की तेवढंच कमरेखालचं शरीर बुडतं, मग पाय घाईने मारले जातात आणि चार श्वासांत दम लागतो. ‘डोकं खाली ठेवा’ या सूचनेचा फारसा परिणाम होत नाही. काठ एका हाताने धरून एक कान पाण्यात ठेवायचा, एक डोळा पाण्याखाली, एक बाहेर, आणि मान एकटी न वळवता खांद्यासकट कुशीवर व्हायचं. उजवी बाजू जमतेय, डावीची घाई नाही.

सत्र 30-40 मिनिटांचं. हुडहुडी भरली की तिथेच थांबायचं, कारण थंडीने श्वास आखडतो आणि आदल्या वेळी जमलेलंही बिघडतं. डिसेंबर-जानेवारीत उघड्या तलावात म्हणूनच नवं काही शिकवायला घेऊ नये.

रुंदी निम्म्यापर्यंत होते, तीही मधे दोनदा उभं राहून. तसं राहायला पूर्ण मुभा आहे. रुंदी सलग झाली की उभं पोहणं, म्हणजे पाय न टेकता जागच्या जागी तरंगत राहणं, खोल बाजूला, काठापासून हातभर अंतरावर. आधी शिडीला धरून बेडकासारखे पाय फिरवायचे, मग एक हात सोडून तळवा आडवा, लोणी पसरावं तसा पाण्यात डावी-उजवीकडे. हनुवटी पाण्याला टेकलेली असू द्यायची. खांदे बाहेर काढायचा हट्ट धरला की दम संपतो.