व्हॅन बंद पडली म्हणे

मंगळवार, रात्र

आज गाडी बंद पडलीच नव्हती. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे सांगायला गेलो तर सारवासारव वाटेल.

दुपारी शाळेच्या गेटवर उभा होतो, तर मॅडम स्वतः बाहेर आल्या. रागावल्या नव्हत्या. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "काका, एकदा नीट करून घ्या की हो गाडी. आज पण प्रार्थना चुकली त्याची." त्याची म्हणजे चष्मिसची, माझ्या व्हॅनमधल्या एका पोराची. मी म्हणालो, "हो मॅडम." बास, तेवढंच. तोंडातून दुसरं काही निघालंच नाही.

सकाळी घंटा व्हायच्या बऱ्याच आधी सगळ्यांना गेटवर उतरवलं होतं. चष्मिस दप्तर सावरत समोरच्या स्टेशनरीच्या दुकानाकडे वळताना मी आरशात बघितला होता. कार्डशीट राहिली असेल घरी, नाहीतर आणखी काही. पोरगं आहे. उशीर झाला, बाईंनी विचारलं, त्याने तोंडाला येईल ते सांगितलं. त्याचं मला काही नाही. खरंच नाही.

पण बाईंनी दुसरा प्रश्न विचारला नाही. मॅडमनी विचारला नाही. व्हॅनमधली बाकीची आठ-नऊ पोरं त्याच शाळेत वेळेवर वर्गात बसली होती, मग ती काय उडत आली? हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. "व्हॅन बंद पडली" म्हटलं की विषय संपला. याला पुरावा लागत नाही.

आणि नेमकं आत्ता. आत्ताच कुठे ती नीट झाली होती.

पावसाळ्याच्या तोंडाला जे चाललं होतं ते मलाही आठवतं. साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालच्या भुयारी रस्त्यात, बरोबर मधे बंद पडली होती. मागून हॉर्न, आत पोरांचा कालवा, सगळा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होऊन अंगावर येत होता. तेव्हा मी मान खाली घालून ऐकून घेतलं सगळ्यांचं. घरातलंही. ते बरोबरच होतं.

तेव्हा गॅरेजला आधी बॅटरी बदलली. मग प्लग. मग फिल्टर. मग सेल्फचे, म्हणजे किल्ली मारल्यावर इंजिन फिरवणाऱ्या मोटरचे, कार्बन. प्रत्येक वेळी "आता बघा काका", आणि प्रत्येक वेळी दोन दिवस बरे जायचे. शेवटी मिस्त्री म्हणाला, सेल्फच नवा टाकू. वर म्हणाला, आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलंय ना, जुन्या गाड्यांचं असंच होणार. ही एक नवीन सोय झाली आहे. जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉल सोसत नाही हे खरं, पण म्हणून गाडीचं प्रत्येक दुखणं त्याच्या नावावर टाकायचं?

मी तिथे बाकड्यावर बसून विचार करत होतो की माझी गाडी गॅसवरही बंद पडते. पेट्रोलवर स्टार्ट करतो, मग बटण दाबून गॅसवर घेतो. दोन्हीवर मरते. मग पेट्रोल, त्याचा पंप, त्याचा फिल्टर, यातलं कोणीच गुन्हेगार नाही. जे दोन्ही इंधनांना लागतं त्यातच काहीतरी आहे: ठिणगी, हवा, वायरिंग. एवढं साधं. पण मिस्त्रीला सांगितलं तर तो हसला. व्हॅनवाल्याने विचार करायचा नसतो, पैसे द्यायचे असतात.

मग मेहुण्याकडून व्होल्ट मोजायचा मीटर आणला. रविवारी दारात गाडी लावून बसलो. ही चहा देऊन गेली आणि काही बोलली नाही, म्हणजे काय ते समजलो.

एक गोष्ट आधी सुटी करायला हवी होती. "बंद पडते" आणि "चालू होत नाही" या दोन तक्रारी आहेत. आम्ही सगळे एका दमात एकच म्हणत होतो. स्पीडब्रेकरला क्लच दाबला, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की मरते, ही एक. मेल्यावर गरम इंजिनावर किल्ली फिरवली की नुसतं "कट्ट" होतं आणि सेल्फ फिरतच नाही, ही दुसरी. सकाळी थंड असताना तीच गाडी अर्ध्या किल्लीत उठते.

दुसरीपासून सुरुवात केली. बॅटरी नुसती मोजली तर 12.6 व्होल्ट. चांगली. इंजिन चालू असताना 14 च्या थोडं वर, म्हणजे चार्जिंगही ठीक. मग गावातून एक फेरी मारून गाडी तापवून आणली. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला धरली, दुसरी थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि धाकट्याला म्हणालो, मार सेल्फ. या दोन टोकांत जवळजवळ काहीच दिसायला नको. फार तर अर्धा व्होल्ट. माझ्याकडे दीडच्या वर गेला. म्हणजे बॅटरी देत होती, सेल्फ मागत होता, आणि परतीच्या वाटेवर करंट अडत होता. हेडलाइट आणि हॉर्नला एवढा करंट लागतच नाही, म्हणून ते व्यवस्थित आणि सेल्फ तेवढा उपाशी. गरम झाल्यावर तांब्याचा अडथळा वाढतो, त्यात तापलेल्या सेल्फचा जोरही कमी पडतो. म्हणून सकाळी ठणठणीत आणि दुपारी शाळेसमोर "कट्ट".

खात्री करायला जंपर केबलची एकच तार घेतली आणि बॅटरीच्या निगेटिव्हवरून इंजिनाच्या धातूला लावली. सेल्फ असा फिरला की धाकटा दचकला.

मग सीट उचलली. इंजिन पुढच्या सीटखालीच, त्यामुळे गुडघ्यावर बसून, डोकं आत घालून, टॉर्च हातात. अर्थिंगची, म्हणजे करंटच्या त्या परतीच्या वाटेची, चपटी विणलेली पट्टी वरून ठीक दिसत होती. बोट घालून उलटी केली तर खालच्या बाजूने निम्मे तंतू तुटलेले, आणि बोल्टखाली हिरवट थर, त्यावर पांढरी पूड. बोल्ट फिरेना. तेल सोडलं, थांबलो, परत पाना लावला. निघाला तेव्हा वॉशर त्याला चिकटूनच आला. खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन पट्टी बसवली, आवळली, वरून व्हॅसलीन फासलं. पट्टी मिळाली ती एका रिक्षा मिस्त्रीच्या मोडीच्या डब्यात. त्याने पैसेही घेतले नाहीत. त्याला मी सेल्फच्या नव्या किमतीचं सांगितलं तर तो नुसता पट्टीकडे बघत राहिला.

मीटर परत लावला. 0.2.

हे सगळं मी कोणाला सांगणार? मॅडमना 0.2 सांगू? पालकांच्या ग्रुपवर टाकू? नीट चालणारी गाडी कोणाला दिसत नाही हो. बंद पडलेली अख्ख्या साताऱ्याला दिसते. त्या रविवारपासून एकदाही "कट्ट" झालं नाही, आणि त्याची दखल घेणारा माणूस एकच: चष्मिस. कारण त्याला बहाण्यासाठी ती अजून बंद पडायलाच हवी.

तशी ही गाडी नावाला पहिल्यापासूनच कमनशिबी. सिनेमात पोरं पळवायची असली की हीच व्हॅन यायची. 1984 ला मारुती व्हॅन म्हणून आली, 1988 ला ओम्नी नाव पडलं, 2019 ला बनायची थांबली. इतकी वर्षं ॲम्ब्युलन्स म्हणून माणसं नेली, भाजी वाहिली, नवऱ्या मुली सासरी सोडल्या, शाळेची पोरं तर अगणित. लक्षात काय राहिलं, तर सरकता दरवाजा आणि तोंडावर रुमाल. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ढुंगणाखाली घेऊन मे महिन्यात चढ चढून दाखवा म्हणावं कोणालाही.

असो. दुपारचं राहिलंच.

परत येताना चष्मिस पुढे येऊन बसला. एरवी मधल्या सीटसाठी भांडतो. राजवाड्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "काका, आज एकदम भारी पळतीय गाडी."

मी म्हणालो, "सकाळी बंद पडली होती म्हणे."

मागे सगळे गप्प. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! आणि मग पहिलीतली ती दोन वेण्यांची, जिला अजून काय बोलायचं आणि काय नाही ते कळत नाही, ती खणखणीत ओरडली, "नाही ओ काका! कुठं बंद पडली? मला झोप पण लागली नाही!"

गाडी बंद पडली की ती झोपते. हे मला आजच कळलं.

हसू आवरेना. चष्मिसही हसला, कान लाल करून. त्याच्या आईला सांगावं असं समर्थ मंदिरापर्यंत डोक्यात होतं, नंतर गेलं. त्याच्या घरी आधीच काय चाललंय ते... जाऊ दे. उतरताना तो म्हणाला, "सॉरी काका," आणि वर, "पण तसं पडते की कधीकधी."

पडते. तेच तर. खरं बोलला पोरगा. अर्थिंग केल्यापासून सुरू व्हायचा प्रश्न मिटला, पण पाऊस असला, वायपर आणि लाइट दोन्ही चालू असले, की स्पीडब्रेकरला अजूनही एक गचका देते. त्या दिवशी एअर फिल्टरची नळी काढून आत बघितलं तर थ्रॉटलच्या झडपेभोवती काळा थर चढलाय. पाय काढल्यावर आयडलिंगला जी जराशी हवा लागते तिची वाट त्यानेच अडवली असणार. क्लीनरचा स्प्रे आणि जुना टूथब्रश, एवढंच काम आहे. रविवारी करेन. मीटर तोवर ठेवून घेतो. मेहुण्याने मागितला नाही अजून.

म्हणजे चष्मिस खोटं बोलला नाही, जरा आगाऊ बोलला, असंही म्हणता येईल.

मघाशी ही विचारत होती, आता झाली ना नीट, मग दारात लावा की, ढकलून चालू करायला रोज तिकडे उताराला कशाला? मी हो म्हणालो. आणि गाडी उतारालाच लावून आलो, तोंड खालच्या बाजूला करून, दुसऱ्या गिअरमध्ये.