चांद्याच्या जेलातला पिंपळ

आज २१ ऑक्टोबर, इंग्रजांशी लढलेले गोंड वीर बाबुराव शेडमाके यायचा शहीद दिवस, म्हणून गावातले आम्ही सारे चंद्रपूरले गेलतो, जेलातल्या त्या पिंपळाले फुलं वाहाले. १८५८ मध्ये इथंच इंग्रजांनी फाशी दिली त्यायले, वय फक्त २५! गर्दी लय होती पण कोणी कुरकुरलं नाही.

येताना गाडीत पोरगा विचारे, बाबा फाशीनं माणूस लगेच मरते का? मी खरं तेच सांगितलं, की तवा दोर आखूड राहायचा, गळा आवळून जीव जायले कितीतरी मिनिटं लागत. वजन पाहून दोर लांब ठेवायचा म्हणजे मान लगेच तुटते, हे इंग्लंडात विल्यम मारवुडनं १८७२ पासून सुरू केलं, म्हणजे बाबुरावांच्या १४ वर्षं नंतर. फ्रान्सनं १७९२ मध्ये गिलोटिन, म्हणजे मुंडकं छाटायचं यंत्र, आणलं, थेट १९७७ पर्यंत चालवलं बरं. अमेरिकेत १८९० मध्ये विजेची खुर्ची, पहिल्याच माणसाले दोनदा करंट द्यावा लागला, मग १९८२ पासून इंजेक्शन. दरवेळी सरकार म्हणे आता ही पद्धत माणुसकीची. मले हे बिलकुल पटत नाही, जीव घेणं ते घेणंच.

पुढच्या वर्षी कोणाले यायचं असन तर आधी सांगा, मोठी गाडी करू.