मराठी संदर्भ कमी करा

“मराठी संदर्भ जरा कमी करा, इंटरनॅशनल जर्नलला चालत नाहीत.”

आज एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाच्या आराखड्यावर तज्ज्ञ सर बोलले. विषय, आषाढी वारी आणि पर्यटन. पेन्सिलीने त्यांनी एकेक नोंद खोडली. दिंडीच्या हिशेबाच्या वह्या, विणेकऱ्यांच्या मुलाखती, सगळं.

मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्व्यांचा वारीवरचा लेख तेवढा खोडला नाही, कारण १९६२ साली तो अमेरिकेतल्या जर्नलमध्ये इंग्रजीत आला. बाईंनी तो मुळात मराठीतच लिहिला होता!

स्कोपसला, म्हणजे संशोधन-जर्नल्सच्या आंतरराष्ट्रीय सूचीला, शीर्षक आणि सारांश इंग्रजीत लागतात, ते ठीक. पण पुरावाही इंग्रजीतच हवा?

पंगतीचा शिधा कोण देतं, पालख्या गेल्यावर गावात कचरा किती उरतो, हे पंढरपूरजवळच्या वाखरीचा माणूस मराठीतच सांगणार ना? त्याचं म्हणणं अभ्यासात कधी धरणार?