चेलोची चौथी तार

मी मूळचा पेटी दुरुस्त करणारा. मराठवाड्यात पियानो कितीसे असणार, वर्षात चार-पाच हाताखालून जातात. यंदा मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतल्या एका जुन्या हॉलमधून बोलावणं आलं. संध्याकाळी सोव्हिएत संगीतकार आल्फ्रेड श्निटकेचा १९७८ सालचा सोनाटा होता, म्हणजे पियानो आणि चेलो या मोठ्या, गजाने वाजणाऱ्या व्हायोलिनसारख्या वाद्यासाठीची रचना.

पियानो उघडला तर सगळाच उतरलेला. उन्हाळ्यात आपल्याकडे लाकूड सुकतं, तारांखालची मोठी फळी आकसते आणि दोनशेवर तारा ढिल्या पडतात. मधला ए हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांऐवजी ४३५ वर. इतक्या जुन्या तारा एका दिवसात ओढायला माझं मन धजेना. चेलो वाजवणारी मुलगी म्हणाली, "काका, राहू द्या. मीच खाली येते." तासाभराने कोणीतरी कूलर लावायला आलं, त्याला हात जोडले. दमट हवेने लाकूड पुन्हा फुगलं असतं.

चार तासांनी पियानो जुळला. तिने माझ्या ए वरून आपली ए तार लावली, मग डी, जी, सी, प्रत्येक तार आधीच्या तारेशी शुद्ध पंचमात. काय घुमत होतं! मग मी पियानोचा खालचा सी दाबला आणि दोघंही थांबलो. तिचा सी किंचित उतरलेला होता.

चूक कोणाचीच नव्हती. तानपुऱ्याचा पंचम आणि पेटीचा पंचम एक नसतो, हे वडिलांनी मला लहानपणीच ऐकवलं होतं. पियानोतही सप्तकाचे बारा समान भाग असतात, त्यामुळे पंचम साधारण दोन सेंटने आखूड पडतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. तीन पंचम उतरलं की फरक जवळपास सहा सेंटचा होतो, आणि खर्जात तो कानाला टोचतो. तिने डी, जी, सी एकेक करून जराशा चढवल्या. ते घुमणं कमी झालेलं ऐकताना मला खरंच वाईट वाटलं.

सोनाट्याची सुरुवात एकट्या चेलोची आहे. पियानो येईपर्यंत मी विंगेत श्वास धरून उभा होतो. आला, आणि जुळला. मधला प्रेस्टो, म्हणजे द्रुत भाग, घोड्यासारखा धावला, शेवटचा लांबलचक, संथ लार्गो संपला तेव्हा पुठ्ठ्यांनी वारा घेणारे हातही थांबले होते.

मी हत्यारं गुंडाळत असताना ती चेलो घेऊन परत आली. तिने तारा पुन्हा शुद्ध पंचमात लावल्या, जी आणि सी वर एकत्र गज ओढला आणि म्हणाली, "काका, आता ऐका."